टेलकडून तिसरं दार

बातमी आली तेव्हा मी बावड्याला, आमच्या घरी अंगणात चिंचा फोडत बसलो होतो. मोबाइल वाजला, पाहिलं तर शिवाचा निरोप. शिवा म्हणजे आमच्या शाखेतला पाटकरी, कालव्याच्या फाट्यावरची दारं उघडायची आणि लावायची हे त्याचं काम. तो कधी लिहून पाठवत नाही, बोलूनच पाठवतो. चिकट हातानं बटण दाबलं आणि त्याचा आवाज आला... "आबा, नलवडे बाई गेल्या. आज सकाळी, बारामतीलाच. आमी समदे निघालोय. तुमी येताय न्हवं?" मी तो निरोप पुन्हा लावला, मग आणखी एकदा लावला. बायको आतून म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, आमच्या मॅडम गेल्या. ती म्हणाली, त्या कॉम्प्युटरवाल्या? आणि मला स्वतःचीच लाज वाटली, कारण ते नाव त्यांना मीच पाडलं होतं.

बारामतीला पोचलो तेव्हा बरीच माणसं जमली होती. त्यांचे यजमान कॉलेजात शिकवतात, त्यांचे सहकारी होते, शेजारपाजार होता, आणि एका बाजूला आमचे पाटकरी उन्हात रांगेनं उभे होते. पगारवाढीच्या मोर्चालासुद्धा ही माणसं कधी सगळीच्या सगळी आलेली मी पाहिली नव्हती. त्यांच्यात नामदेव खरात होता. निवृत्त होऊन त्याला साडेचार वर्षं झाली, तरी खाकी शर्ट घालूनच आला होता. त्यानं मला लांबून हात केला, मी केला नाही. मी मागच्या मागे एका झाडाखाली जाऊन उभा राहिलो. मॅडमनी जाण्याआधी दीड महिना माझ्यावर एक काम सोपवलं होतं, ते या नामदेवकडे जाऊन करायचं होतं, आणि मी केलं नव्हतं. शेजाऱ्याच्या वाड्यावर जावं इतकं सोपं काम, पण पाय उचलत नव्हता... त्या गेल्या आणि ते तसंच राहिलं.

शुभांगी नलवडे आमच्या शाखेत शाखा अभियंता म्हणून आल्या, त्याला आता सहा वर्षं होतील. मी तेव्हा कालवा निरीक्षक होतो. पाटबंधारे खात्यात जन्म गेला माझा. शेतकऱ्यांचे पाणी अर्ज घ्यायचे, कोणत्या दाराला कधी आणि किती वेळ पाणी द्यायचं याचा कार्यक्रम करायचा, पाटकऱ्यांना हुकूम द्यायचा, हे माझं काम. साहेब बदलायचे, मी तिथंच. फाट्यावरचा कुठलाही माणूस आला की आधी माझ्या टेबलापाशी यायचा, मग साहेबांकडे. कोणाच्या विहिरीला पाणी आहे, कोणाचा बांधावरून वाद आहे, कोण दारूच्या भरात दार फोडतो, हे सगळं माझ्या डोक्यात. ते कागदावर कुठंच नव्हतं आणि ते तसं नाही याचा मला अभिमान होता. खरं सांगायचं तर मी साहेबांपेक्षा मोठा साहेब झालो होतो.

मॅडम बारामतीहून लाल बसनं यायच्या. खांद्याला पिशवी, पायात साधी चप्पल, उंची बेताची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं की पुढच्या हंगामापासून पाण्याचा कार्यक्रम संगणकावर होणार, शेतकऱ्याला मोबाइलवर निरोप जाणार आणि पाटकऱ्यालाही हुकूम मोबाइलवरच येणार. वरून आदेश होता, त्यांच्या मनचं काही नव्हतं. त्या बाहेर पडल्यावर मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आली बघा कॉम्प्युटर बाई. आता पाणी पाटातनं नाही, वायरीतनं येईल." पाटकरी खदाखदा हसले. खोलीचं दार उघडंच होतं. मॅडमना ऐकू गेलं असणार, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नेहमीसारखाच नमस्कार केला.

मग आम्हाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला पाठवलं. मोठा गार हॉल. सूट घातलेला एक तरुण भिंतीवर चित्रं दाखवत होता. एका चित्रात डायनासोर होता, बदलला नाही म्हणून मेला म्हणे. माझ्या शेजारी नामदेव बसला होता. तो कानात म्हणाला, "आबा, ह्यो आपल्याकडं बगून का बोलतोय?" जेवणात गुलाबजाम होते. दुपारी निम्मा हॉल पेंगत होता. परत आल्यावर मॅडमनी मला विचारलं, "आबा, काय शिकवलं?" मी म्हटलं, "गुलाबजाम चांगले होते." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कोणी तुम्हाला काही विचारलंच नाही." मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? वरचे सांगतात, खालचे ऐकतात. आमच्या खात्यात असंच चालत आलंय.

इथं आमच्या फाट्यावरची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. मुख्य कालव्यातून फाटा निघतो ते टोक हेड, आणि तो संपतो ते टोक टेल. हे शब्द आमच्याकडे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही तोंडी आहेत. पाणी देण्याची पद्धत अशी की आधी टेलला द्यायचं आणि तिथून वर वर सरकत हेडला यायचं. तसं नाही केलं तर हेडचे लोक सगळं पिऊन टाकतात आणि टेलच्या माणसाला शेताकडं जाणारी कोरडी चारी बघत बसावं लागतं. आमच्या फाट्यावर चौदा दारं. पाणी टेलकडून सुरू होतं म्हणून आमचे पाटकरी दारंही टेलकडूनच मोजतात. त्यांचं एक नंबरचं दार म्हणजे अगदी शेवटचं. त्यांच्या बापांनीही तसंच मोजलं. खात्याच्या नकाशावर मात्र एक नंबर हेडला आहे. नकाशा कार्यालयाच्या कपाटात, पाटकरी पाटावर. दोघांची गाठ कधी पडली नाही, आणि मधे मी होतो म्हणून कधी अडलंही नाही. मी हुकूम देताना "जांभळीचं दार", "म्हसोबाचं दार" असं नावानंच सांगायचो.

संगणकात दारांची यादी नकाशावरून भरली गेली. मॅडमनी तिची छापील प्रत माझ्यापुढे ठेवली. महिनाअखेर होती, त्यांना चार ठिकाणी पळायचं होतं. म्हणाल्या, "आबा, एवढी तपासून सही करा." मी यादी पाहिली. नंबर उलटे आहेत, हे मला पहिल्या ओळीलाच कळलं. पाटकऱ्यांना हे नंबर मोबाइलवर गेले तर काय होईल, तेही कळलं. खिशातलं पेन काढलं आणि खाली लिहिलं, "तपासले, बरोबर आहे." सही ठोकली.

का केलं मी असं? त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की मला काय करायचंय, नकाशा खात्याचा आहे, यादी खात्याची आहे. पण ते खोटं होतं. मला तो संगणक तोंडावर पडलेला बघायचा होता. माझ्या टेबलापाशी माणसं यायची थांबली होती. अर्ज मोबाइलवर, निरोप मोबाइलवर. फाट्यावरून जाताना लोक "आबा, कवा सोडताय?" असं विचारायचे, तेही कमी झालं होतं. कामाचं ओझं वाढेल म्हणून माणूस बदलाला नाही म्हणतो असं साहेबलोक समजतात. माझं ओझं तर कमीच होणार होतं. मला भीती होती ती उद्या माझ्यावाचून सगळं चालेल याची, आणि ही भीती कुठल्याही प्रशिक्षणात कोणी भिंतीवर दाखवली नव्हती.

त्या उन्हाळ्यात पाणी कमी होतं. सगळ्या फाट्याला पुरणार नाही म्हणून फक्त भाजीपाला आणि फळबागा वाचवायच्या असं ठरलं. उसाला पाणी नाही. संगणकानं कार्यक्रम काढला आणि मंगळवारी सकाळी सात वाजल्यापासून दोन दिवस तीन नंबरच्या दाराला पाणी द्यायचं, असं त्यात आलं. खात्याचं तीन नंबर म्हणजे हेडचं, तिथं टोमॅटो-मिरचीची नवी लावण होती. शेतकऱ्यांना निरोप गेले. फाट्यावर पाळी नामदेवची होती. त्याचं तीन नंबर टेलकडूनचं, आणि तिथं सगळा ऊस. त्यात त्याच्या सख्ख्या बहिणीचाही दीड एकर ऊस होता.

मंगळवारी सकाळी सातच्या आधी त्याचा मला फोन आला. मी दाढी करत होतो. "आबा, मोबाइलमदी तीन नंबर आलाय. पर तीनला तर ऊस हाय, भाजीपाला न्हाय. सोडू का?"

मी म्हटलं, "मोबाइलवर आलंय ते कर."

"न्हाय, पर आबा..."

"आता मला कशाला विचारतोस? मोबाइलला विचार."

मी फोन ठेवला आणि उरलेली दाढी केली.

हेडच्या लोकांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. त्यांना वाटलं उशीर झाला असेल. संध्याकाळी कोणीतरी टेलला जाऊन आलं आणि मग बोभाटा झाला. चूक सुधारायला घेतली तोवर दुसरा दिवस उजाडला होता आणि वरून कालव्याचं पाणीच कमी झालं होतं. बुधवारी माणसं कार्यालयात आली. पुढे एक बाई होती, कळसच्या बाजूची. तिनं शेतातून उपटलेल्या, सुकलेल्या रोपांचा ट्रे आणून माझ्या टेबलावर ठेवला. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "लेकरावानी वाढविली व्हती. मेसेज आला म्हणून लावली." मागून कोणीतरी ओरडलं, "पाटकऱ्यानं भनीच्या उसाला पाणी पाजलं! भाजी वाळवली आन भनीचा ऊस भिजवला!" आणि मग ते एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी झालं. नामदेव दाराशी उभा होता. तो माझ्याकडे बघत होता. मी रोपांच्या ट्रेकडे बघत होतो.

नामदेवला वरिष्ठ कार्यालयातून कारणे दाखवा नोटीस आली. मनमानी करून नातेवाइकाला पाणी दिलं, असा ठपका. निवृत्तीला चार महिने राहिले होते. अख्ख्या नोकरीत त्याच्या नावावर एक कागद नव्हता. त्यानं उत्तर दिलं ते दोन ओळींचं, की मला तीन नंबर सांगितला, मी तीन नंबर उघडला. सकाळच्या फोनबद्दल त्यानं एक अक्षर लिहिलं नाही. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "तुमाला कशाला गुंत्यात घालायचं, आबा. तुमाला तरी कुठं ठावं व्हतं." मी मान हलवली. त्या मान हलवण्याचं मी काय करू, हे मला अजून उमगलेलं नाही.

मॅडमनी दोन दिवसांत शोधून काढलं. त्या एकट्याच फाट्यावर गेल्या, नामदेवला म्हणाल्या, मला एक नंबरचं दार दाखवा, आणि तो त्यांना चालवत टेलला घेऊन गेला. झालं, त्यांना कळलं. परत येऊन त्यांनी वरिष्ठांना लिहिलं की यादी नकाशावरून केली, फाट्यावरची मोजायची रीत लक्षात घेतली नाही, पाटकऱ्याची काही चूक नाही, जबाबदारी माझी. माझी सही असलेली यादी फाइलीत होती. तिचा उल्लेख त्यांनी केला नाही. नामदेवची नोटीस मागे घेतली गेली. मॅडमना लेखी ताकीद मिळाली आणि ती त्यांच्या सेवापुस्तकात लागली. पण कागद फाइलीत बंद होतात, गावाचं तोंड कोण बंद करणार? बाईनं नामदेवला सांभाळून घेतलं, असं लोक म्हणू लागले. बहिणीच्या उसाची गोष्ट तशीच राहिली.

पाण्याच्या पुढच्या आवर्तनाआधी, म्हणजे कालवा पुन्हा सुटण्याआधी, मॅडमनी आम्हाला सगळ्यांना कालव्याच्या कट्ट्यावर बोलावलं. घरून डब्यात पोहे आणले होते. भिंत नाही, चित्र नाही. आधी त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी चूक माझी झाली. मी नकाशाला विचारलं, तुम्हाला विचारलं नाही." साहेब माणसाच्या तोंडून हे असं वाक्य आमच्यापैकी कोणी ऐकलं नव्हतं. पाटकरी एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यांनी विचारलं, "या मोबाइलचं नेमकं काय अवघड जातं? खरं सांगा. मी लिहून घेणार आहे, पण नावं लिहिणार नाही."

मग शिवा उठला. जमिनीकडे बघत म्हणाला, "मला वाचाया येत न्हाय, बाई." आम्ही चाट पडलो. इतकी वर्षं तो माझ्या हातून हुकमाचा कागद घ्यायचा, त्यावर नजर फिरवायचा, घडी करून खिशात ठेवायचा. कागद घरी लेक वाचून दाखवायची. लेक नांदायला गेली तेव्हापासून तो माझ्याकडे येऊन "आबा, तोंडी बी सांगा जरा" म्हणायचा, आणि मला वाटायचं, किती मान देतो मला. तोच शिवा मोबाइलला सगळ्यात जास्त शिव्या देत होता. मॅडम म्हणाल्या, "शिवाजीराव, मग मी बोलून पाठवत जाईन. चालेल?" तो म्हणाला, "चालंल की." एवढंच. दुसऱ्या महिन्यात हा माणूस सगळ्या गावाला बोलून निरोप पाठवायला लागला आणि आम्हालाच नको नको झालं.

त्या दिवशी आम्ही टेलपासून हेडपर्यंत चालत गेलो. प्रत्येक दाराशी मॅडम थांबायच्या आणि विचारायच्या, याला काय म्हणतात? नामदेव सांगायचा. त्या संगणकात नंबराशेजारी नाव घालत गेल्या. सातव्या दाराला सगळे नुसतं मधलं दार म्हणायचे, नाव असं नव्हतंच, तर नामदेव म्हणाला, "ह्याला बाईंचं दार म्हना." त्या नको नको म्हणत होत्या, पण पाटकऱ्यांनी ऐकलं नाही. मी सगळ्यात मागून चालत होतो. मला कोणी काही विचारत नव्हतं, कारण विचारण्यासारखं मी एकट्यानं अडवून ठेवलेलं आता सगळे मिळून सांगत होते. चालता चालता नामदेव मागे वळून म्हणाला, "आबा, ह्या दाराचा किस्सा सांगा की बाईस्नी." मी सांगितला. मॅडमनी तोही लिहून घेतला.

आमची माणसं तयार झाली ती अशी. मोबाइल तोच होता, आदेश तोच होता, माणसंही तीच. पुण्याच्या हॉलमधला तरुण म्हणत होता की सरकारी माणसाला बदल नको असतो. मला आता वाटतं की त्याला त्याच्यावाचून केलेला बदल नको असतो. आपल्याला जे येतं ते उद्या कवडीमोल होणार नाही, जे येत नाही त्यावरून कोणी चारचौघांत हसणार नाही, आणि चूक झालीच तर वरचा माणूस हात झटकणार नाही, एवढी खात्री पटली की आमचा पाटकरी चंद्रावरही दार बसवून येईल. ही खात्री कुठल्या परिपत्रकानं येत नाही. आमच्याकडे ती एका बाईच्या सेवापुस्तकातल्या ताकिदीतून आली. पाटकऱ्यांनी ती ताकीद कधी वाचली नाही, पण ती लागली आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

मीही हळूहळू शिकलो. मॅडमच्या शेजारी खुर्ची घेऊन बसायचो, कार्यक्रम लावायचो. त्या माझ्यावर कधी चिडल्या नाहीत, आणि तेच मला जड जायचं. एखाद्या दिवशी त्या म्हणतील, आबा, ती यादी... म्हणून मी धास्तावलेला असायचो. त्या कधी म्हणाल्या नाहीत. नामदेव निवृत्त झाला, दोन वर्षांनी मी झालो. माझ्या निरोप समारंभात मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हा फाटा मला आबांनी शिकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळ आणि शाल घेऊन घरी आलो आणि जेवलो नाही.

मग त्यांच्या आजाराचं कळलं. पोटातला आजार होता, कळायला उशीर झाला. शिवा मधेमधे निरोप पाठवायचा, बाई आज जेवल्या, बाईंना आज बरं वाटतंय. दीड-दोन महिन्यांपूर्वी मी बारामतीला त्यांच्या घरी गेलो. काटेवाडीहून ताजी वांगी आणि मेथी घेतली होती. त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, डोक्याला रुमाल, हात काटकुळे झालेले. वांगी बघून म्हणाल्या, "आबा, पाणी कितव्या दाराचं?" आणि हसल्या. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, ती यादी... मला तेव्हाच कळलं होतं."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं फाट्यावर असलेल्या माणसाला ते कळलं नसेल, हे मला कधीच खरं वाटलं नाही."

"मग माझं नाव का नाही घातलंत?"

"मी खूप विचार केला त्यावर. राग आला होता तुमचा. पण आबा, मी तुमच्याकडे सही मागितली होती. मत मागितलं नव्हतं. मी विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला नसता." मग दम लागला म्हणून थांबल्या. "मला सांगितलंत, बरं झालं. पण माझं काही अडलं नव्हतं त्यावाचून. नामदेवरावांना सांगा. त्यांना अजून लोक बोलतात."

मी हो म्हटलं. आणि खरं सांगतो, त्या घरातून मी हलका होऊन बाहेर पडलो. मला विचारलं नव्हतं, म्हणून मी बोललो नाही, हे मॅडमनीच सांगितलं होतं. बसमध्ये सगळा रस्ता मी ते वाक्य घोळवत होतो. सकाळच्या त्या फोनबद्दल मी त्यांना काही बोललो नव्हतो. नामदेवही कधी बोलला नव्हता. त्यांना ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

त्या गेल्यावर तेरा दिवस झाले आणि मी कळसला गेलो. नामदेव गोठ्यापुढे बसून दावी वळत होता. मला बघून उठला, खाट टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकलं. यादी, सही, नंबर उलटे असल्याचं मला आधीच कळलं होतं ते. त्याचे हात थांबले.

"म्हंजी म्या फोन केला, तवाच तुमाला ठावं व्हतं?"

"होय."

"मला वाटलं, तुमाला बी माझ्यावानी ते मोबाइलचं कळत न्हाय."

चहा आला आणि तसाच गार होत राहिला. नामदेव म्हणाला, "भन पाच वर्षं झाली माझ्या घरला आली न्हाय, आबा. ती आली की लोक म्हणत्यात, आली बगा पाण्याचं उपकार फेडाया. तिनं यायचंच टाकलं. भाऊबीजंला आमी इंदापूरच्या स्टँडवर भेटतो. ती ताट पिशवीतनं आणती. तितंच बाकड्यावर मला ओवाळती आन पुढच्या गाडीनं जाती." त्यानं दावं पुन्हा हातात घेतलं, पण वळलं नाही. मी हात जोडले. तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला, "मला कशाला हात जोडताय? म्या काय केलं आन काय न्हाय, ते मला ठावं हाय. मला नगा सांगू. गावाला सांगा."

मी उठलो. त्यानं मला थांब म्हटलं नाही.

वर्तमानपत्राची ही पुरवणी आमच्याकडे चावडीवर येते, चहाच्या टपरीवर येते, लोक वाचतात आणि न वाचणाऱ्यांना वाचून दाखवतात. नलवडे मॅडमबद्दल लिहाल का, असं संपादकांनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं ते यासाठी. त्यांच्याबद्दल यापेक्षा चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. पण त्यांनी सांगितलेलं काम माझं एकट्याचं होतं, आणि ते करायला मला त्यांच्या मरणापर्यंत वाट पाहावी लागली, याचं दुःख मला उरलेला जन्म पुरेल.

तर आमच्या फाट्यावरच्या सगळ्या लोकांना, हेडच्या आणि टेलच्याही, मी सांगतो. नामदेव खरात यांनी त्या मंगळवारी आपल्या बहिणीच्या उसासाठी म्हणून पाणी सोडलेलं नाही. त्यांना जो नंबर सांगितला होता, तोच त्यांनी त्यांच्या मोजणीनं बरोबर उघडला. यादी चुकली आहे, हे त्या वेळी फक्त मला माहीत होतं. मॅडमनी मला विचारलं नव्हतं, हे खरं आहे. नामदेवनं विचारलं होतं.